जिम्नीत फोर बाय फोर कधी आणि कसा टाकावा

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी २०२३ साली भारतीय बाजारात आली. तिच्या मुख्य गिअरजवळ असलेल्या, फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देण्याची सोय चालू करणाऱ्या दुसऱ्या, लहान लिव्हरला अनेक मालक महिनोन्महिने हात लावत नाहीत आणि गाडी चिखलात रुतली की मग घाईघाईने तो ओढतात. वास्तविक तोपर्यंत उशीर झालेला असतो. मागची चाके फिरत राहून खड्डा खोल करतात, गाडीचे पोट चाकोरीमधल्या उंचवट्यावर टेकते आणि मग चारही चाकांना ताकद मिळाली तरी त्यांना जमिनीची पकड उरत नाही. म्हणून लिव्हर कसा हलवायचा याआधी तो केव्हा हलवायचा हे नीट समजून घ्यावे लागते.

या लिव्हरवर टू-एच, फोर-एच आणि फोर-एल अशा तीन जागा आहेत. टू-एचमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, आणि डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर गाडी नेहमी याच स्थितीत चालवायची असते. फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीचा आस) ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीतून, एकमेकांशी थेट जोडला जातो. या दोन अ‍ॅक्सलमधला वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल जिम्नीत नाही. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. मातीवर किंवा चिखलावर हा फरक चाके थोडी घसरून भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर टायर घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि सांध्यांवर येतो. स्टिअरिंग जड होणे आणि अरुंद वळणावर गाडी अडखळल्यासारखी होणे ही त्याची खूण होय. ती दिसताच चाके सरळ करून टू-एचवर परतावे.

फोर-एच टाकण्यासाठी गाडी थांबवण्याची गरज नसते. निर्मात्याने त्यासाठी ताशी १०० किलोमीटरच्या आतली मर्यादा दिली आहे. तरी मुरमाचा रस्ता संपून ओली लाल माती सुरू होण्याच्या बेतात असेल, तेव्हा वेग मुळातच कमी ठेवावा. स्टिअरिंग सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि लिव्हर एका सलग हालचालीत टू-एचवरून फोर-एचवर आणावा. डॅशबोर्डवरचा दिवा आधी लुकलुकतो. तो स्थिर झाला की पुढचा अ‍ॅक्सल जोडला गेला असे समजावे, आणि तोपर्यंत जोर लावू नये. मागची चाके जागेवर गरगरत असताना लिव्हर कधीही ओढू नये, कारण त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या वेगात मोठी तफावत असते आणि तिचा धक्का थेट दात्यांना बसतो. आधी चाके थांबू द्यावीत.

आपल्याकडे १९८५ पासून धावणाऱ्या मारुतीच्याच जिप्सीची ज्यांना सवय आहे, त्यांना ही सोय विशेष जाणवेल. जुन्या जिप्सींमध्ये चालकाला खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी असलेल्या चकत्या हाताने फिरवून हब लॉक करावे लागत, म्हणजे ती चाके पुढच्या आसाशी जोडावी लागत, आणि चाक आधीच चिखलात बुडालेले असेल तर ती चकती चाचपडत शोधावी लागे. त्यामुळे अनुभवी चालक खराब वाट सुरू होण्याआधीच हब लॉक करून घेत. जिम्नीत हे काम गाडी स्वतः करते, पण ती आगाऊ तयारीची सवय आजही सोडू नये.

फोर-एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबावा, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, आणि मग लिव्हर खाली दाबून फोर-एलकडे न्यावा. दाते जुळले नाहीत तर जोरजबरदस्ती करू नये. गाडी थोडी पुढेमागे सरकवून पुन्हा थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. या स्थितीत गती सुमारे निम्मी आणि चाकांवरचा जोर सुमारे दुप्पट होतो. दगडगोट्यांचा चढ, खोल वाळू आणि विशेषतः निसरडा उतार यांसाठी ही स्थिती आहे. उतारावर पहिला गिअर ठेवून इंजिनच्या अडवणुकीने गाडी हळूहळू उतरू द्यावी आणि ब्रेक अगदी हलका वापरावा.

एक गैरसमज धोकादायक आहे, म्हणून तो स्पष्टपणे दूर करायला हवा. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक कोणत्याही गाडीत चारही चाकांना लागतो, त्यामुळे पावसाळी घाटात फोर-एच टाकला म्हणून वळणावरचा वेग वाढवणे अत्यंत चुकीचे आहे.

एक चाक अधांतरी होऊन फिरू लागले तर जिम्नीची यंत्रणा त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. हे घडायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरावा, पाय झटकन काढू नये.

पक्का रस्ता आला की गाडी सरळ रेषेत ठेवून पाय उचलावा आणि टू-एचवर यावे. दिवा विझला नाही तर शाफ्टमध्ये ताण अडकलेला असतो. अशा वेळी मागे कोणी नाही हे पाहून गाडी काही मीटर सरळ मागे घेतली की तो बहुधा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले आणि सारख्या हवेचे असावेत, नाहीतर फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही हा ताण साचत राहतो.