वादळात पडलेलं झाड चेनसॉने कापताय? या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ, पोफळी, आजोबांच्या हातची कलमं. रस्ते मोकळे करायला ज्याला मिळेल त्याने चेनसॉ हातात घेतला. तेव्हा दिसलेल्या चुका अजूनही दर पावसाळ्यात दिसतात, म्हणून हे लिहितोय.

पडलेलं झाड म्हणजे निवांत पडलेलं लाकूड, हा समज सगळ्यात घातक. उभ्या झाडापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण त्याच्यात ताण भरलेला असतो. बुंधा दोन्ही टोकांना टेकून मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. सरळ वरून कापत गेलात की फट मिटते आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, अडकतो. अशा वेळी आधी वरून साधारण पाव जाडीपर्यंत काप घ्या, बाकीचा खालून. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लोंबतंय, तर याच्या उलट. बार अडकलाच तर चालू मशीन हिसकू नका. इंजिन बंद करा आणि फटीत लाकडी पाचर ठोका. लोखंडी नको, चेनचे दात जातील.

मुळासकट उपटलेल्या झाडाची गोष्ट वेगळीच. एका वाडीत आंब्याचा बुंधा मुळापासून दीड हातावर कापताना मी समोर होतो. काप पुरा झाला, कर्रकन आवाज आला आणि मातीने लदलेला मुळांचा गड्डा उलटा फिरून धप्पकन खड्ड्यात बसला. थोड्याच वेळापूर्वी त्या खड्ड्यात मुलं खेळत होती. खड्ड्यात कोणी नाही हे स्वतः वाकून बघा. गड्डा कापणाऱ्याच्या अंगावरही कलंडतो, म्हणून बुंध्याचा चांगला लांब तुकडा मुळांना राहू द्या.

बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, तर मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. पाल्यात लपलेली एखादी फांदीही त्याला पुरते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून गुंडाळलेला हवा, डोकं बारच्या रेषेत नको, आणि चेनचा ब्रेक काम सुरू करण्याआधी तपासा. खांद्याच्या वर किंवा शिडीवरून कापणं नकोच. लुंगी, गळ्यातला पंचा आणि चपलाही नकोत.

जोर लावावा लागतोय? मग चेन बोथट आहे. धारदार चेन लाकडाचे कपचे काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा. थांबा, कानस मारा. दात शाबूत असूनही चेन तापत असेल, तर तेल पोचत नाही. बारचं टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस करा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेनच्या तेलाच्या टाकीत जळकं इंजिन ऑईल ओतायची सवय सोडा. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहिली, तर आयडल स्क्रू (रेस न देता इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवणारा) जुळवल्याशिवाय कामाला लागू नका.

झाडाखाली विजेची तार दिसली, तर महावितरणचा माणूस येऊन लाईन बंद असल्याचं सांगेपर्यंत फांदीलाही हात नाही.

उभं झाड पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवा. नारळाचा तंतुमय बुंधा कापाच्या जागी भरवशाने वळत नाही, तो दोर लावणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या.

पेट्रोल भरलं त्या जागी मशीन सुरू करू नका. पाच-सहा पावलं लांब न्या, ब्रेक लावून जमिनीवर ठेवा, मागच्या दांड्यात पाय रोवा, मग दोरी ओढा.