अमेरिकेत शहराला फेडरल स्टिम्युलसचा पैसा कसा मिळवायचा

अमेरिकेत राहताय आणि तुमच्या शहराच्या एखाद्या कमिटीवर आहात किंवा सिटीच्या फायनान्स डिपार्टमेंटला काम करताय तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, स्टिम्युलस म्हणजे मंदी किंवा संकटात अर्थव्यवस्था सावरायला केंद्र सरकार खास कायदा करून जो पैसा देतं तो, आणि तो तयारीत असलेल्या शहरालाच आधी मिळतो, कायदा पास झाल्यावर कागद शोधायला लागलात तर उशीर झालाच समजा.

आधी बघा पैसा कुठल्या वाटेने येतोय. फॉर्म्युल्याने येणारा असेल तर लोकसंख्या, गरिबी वगैरे आकड्यांवर तुमचा वाटा ठरलेलाच असतो. 2021 च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या स्टिम्युलस कायद्यामध्ये राज्यं, काउंट्या, शहरं सगळ्यांना मिळून 350 अब्ज डॉलर होते, मोठ्या शहरांना ते थेट ट्रेझरीकडून, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याकडून आले पण साधारण 50 हजारांच्या आतल्या गावांचा वाटा राज्यामार्फत आला, त्यामुळे लहान गाव असेल तर राज्याच्याच मागे लागायचं.

स्पर्धेतला पैसा, म्हणजे अर्ज करून मिळवायचा, तो मात्र अवघड. 2009 च्या रिकव्हरी ॲक्ट या स्टिम्युलस कायद्यामध्ये टायगर नावाची दीड अब्ज डॉलरची वाहतुकीची ग्रँट होती, त्याला 1400 च्या वर अर्ज आले आणि निवडले गेले फक्त 51! तेव्हा सगळीकडे एकच शब्द ऐकू यायचा, शॉवेल-रेडी, म्हणजे ड्रॉइंग, जागा, पर्यावरणाची मंजुरी सगळं हातात, फक्त खोदायचं बाकी. म्हणून अशा कामांची यादी दरवर्षी कौन्सिलपुढे मांडून ताजी ठेवा, आणि आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसलाही ती माहीत असू द्या. सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या वेबसाइटवरचं शहराचं रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं तेही बघा, ते लॅप्स झालं तर चांगला अर्जसुद्धा अडकतो.

पब्लिक हिअरिंग नुसतं उरकू नका प्लीज. ज्या वस्तीत पाण्याचे पाइप जुने झालेत तिथल्या लोकांना बोलवा, संध्याकाळची वेळ ठेवा, कारण दिवसा कामावर असलेला माणूस येऊच शकत नाही आणि मग जे नेहमी येतात त्यांचंच काम यादीत वर जातं.

पैसा आला की त्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. 2009 मध्ये दर तिमाही संपल्यावर 10 दिवसांत रिपोर्ट द्यावा लागायचा, बांधकामावर ठरलेली मजुरी आणि अमेरिकन स्टीलची अट होती ती वेगळीच. 2021 च्या पैशाला 31 डिसेंबर 2024 पर्यंत कॉन्ट्रॅक्ट वगैरे करून तो कुठल्या कामाला जाणार ते पक्कं करायची मुदत होती आणि खर्चाला 2026 अखेर.

आणि हा पैसा एकदाच येतो, त्यातून कायमची पदं भरू नका, तो संपल्यावर पगार शहराच्या बजेटमधूनच द्यावा लागणार. पाइप, गटारं, रस्ते अशी एकदाच करायची कामं आधी घ्या.