सिलिंगला झोल आलाय? स्क्रू मारण्याआधी या चुका टाळा

जिप्सम बोर्डाच्या सिलिंगला झोल आला की घरातला कुणीतरी लगेच ड्रिल शोधतो. खालून दाबायचं, दोन-चार स्क्रू मारायचे, वरून पुट्टी फिरवायची. महिनाभर छान दिसतं आणि मग त्याच जागी झोल पुन्हा उतरतो, कारण बोर्ड का खाली आला हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते पाहायला फार काही लागत नाही. रात्री दिवे बंद करून भिंतीजवळून टॉर्चचा उजेड सिलिंगवर आडवा टाका. पट्ट्यापट्ट्यांनी लाटा दिसल्या, म्हणजे चॅनेल (बोर्ड ज्यांना स्क्रूने लावतात त्या वरच्या लोखंडी पट्ट्या) जागेवर आणि त्यांच्यामधला बोर्ड तेवढा खाली, तर बोर्डाने ओल धरली आहे किंवा चॅनेल फार लांब-लांब टाकले आहेत. 12.5 मिमी बोर्डासाठी चॅनेलमधलं अंतर साधारण दीड फूट हवं. पैसे वाचवायला दोन फूट ठेवलेलं असेल तर झोल येण्याची शक्यता वाढते. चॅनेलसकट मोठा तुकडा खाली आला असेल, तर स्लॅबमधली पकड सुटली आहे. स्लॅबला भोक पाडून लाकडी गुल्ली ठोकली आणि तिच्यात स्क्रू मारला, असं काम अजूनही होतं. लाकूड वाळून आकसतं आणि गुल्ली भोकातून सरकते. तिथे अँकर फास्टनरच, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा धातूचा बोल्टच हवा. आणि बोर्ड स्क्रूच्या डोक्यांवरून निसटला असेल, तर स्क्रू जास्त आवळल्याने कागद फाटला होता हे समजा. बोर्डाची बरीचशी ताकद त्या कागदातच असते.

खानदेशात ओलीचं एक कारण हमखास नजरेतून सुटतं: कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास असतो, कूलर दिवसरात्र चालतो आणि ऊन नको म्हणून खिडक्या-दारं घट्ट लावलेली असतात. दमट हवेला बाहेर जायला वाटच उरत नाही. जिप्सम ही हवा शोषतं, मऊ पडतं आणि स्वतःच्या वजनाने वाकतं. चार बाय सहाची एक शीट साधारण 18 ते 20 किलोची असते. पाणी गळत नाही, डाग नाही, तरी मे महिन्यात झोल दिसला तर आधी कूलरच्या समोरची खिडकी किलकिली ठेवा. कूलरची हवा आत येते तेवढी बाहेरही गेली पाहिजे. हे न करता बोर्ड बदलला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा निघेल.

पिवळट-तपकिरी डाग असेल तर वर धाब्यावर जा. आपल्याकडे स्लॅब दिवसभर तापतो, रात्री निवतो आणि बारीक तडे पडत जातात. टाकीखालची जागा, पाणी वाहून जाण्याचं तोंड आणि कठड्याचा कोपरा आधी तपासा. गळती थांबवून स्लॅब पूर्ण वाळेपर्यंत सिलिंगला हात लावू नका. उन्हाळ्यात सिमेंटचं काम केलंत तर त्यावर रोज पाणी मारा, नाहीतर नवा थरच तडकतो.

सिलिंगच्या झोलात पाणी साठलेलं दिसलं तर वाट पाहू नका. त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडा, लेकरांना बाहेर काढा, खाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून सर्वांत खोल जागी स्क्रूड्रायव्हरने लहान भोक पाडा. पाणी निघून गेलं तर आख्खी शीट अंगावर येण्याचा धोका कमी होतो. भिजून वाकलेला बोर्ड वाळला तरी सरळ होत नाही. तो बदलावाच लागतो.

बोर्ड कोरडा, टणक आणि झोल थोडाच असेल, तर मात्र घरी दुरुस्ती जमते. टेकूच्या टोकाला रुंद फळी लावा. नुसत्या बांबूच्या टोकाने बोर्डाला भोक पडतं. हळूहळू वर उचला. मग चुंबक फिरवून चॅनेल शोधा आणि 25 मिमीचे ड्रायवॉल स्क्रू जुन्या भोकांपासून दोनेक इंच सोडून चॅनेलमध्येच मारा. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू काहीच धरत नाही. दोन स्क्रूंमध्ये साधारण नऊ इंच अंतर ठेवा आणि डोकं किंचित आत गेलं, कागद शाबूत राहिला, की थांबा.

तुकडा बदलायचा तर डाग जितका तितकाच गोल कापू नका. दोन्ही बाजूंच्या चॅनेलच्या मध्यापर्यंत चौकोनी कापा, म्हणजे नव्या तुकड्याच्या कडांना आधार मिळतो. कापण्याआधी आत वायर नाही ना, हे पाहा. सांध्यावर पेपर टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डाचे सांधे भरायचा खास लगदा) लावा. नुसती भिंतीची पुट्टी सांध्यात चिरते. एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या.

जाळीवर ओतलेलं जुनं पीओपीचं सिलिंग असेल तर हे काहीच करू नका. ते जड असतं, जाळी गंजली की ढेकळांनी कोसळतं. ते मिस्त्रीकडून उतरवूनच घ्या. पंखा किंवा झुंबर चॅनेलला टांगलेलं असेल तर ते आधी काढून स्लॅबच्या हुकावर न्या.

बाथरूमसाठी हिरव्या कागदाचा ओलरोधक बोर्ड मिळतो. तो वाफ सोसतो, पण वरून ठिबकणारं पाणी त्यालाही सोसत नाही. तिथे आधी नळाचा सांधाच दुरुस्त करावा लागतो.