412 पट्ट्या आणि एक स्लॅश

बी.कॉम. झाल्यावर मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात कॉम्प्युटरवर बसायला लागलो. सीझनमध्ये सौदे सुरू झाले की कीबोर्डच्या फटींतसुद्धा पिवळी पूड साचायची. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात मालकांच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि माळ्यावर चढवायच्या राहिलेल्या वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून त्यांचा एकच घोशा: "सगळ्या पट्ट्या कॉम्प्युटरात घाल." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्यावर.

मशीन जुनं. विंडोज ओढवेना म्हणून कुणीतरी त्यावर उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलेलं. स्कॅन केलेल्या फाइली माउसनं उचलून फोल्डरात टाकायला गेलो की खिडकी गोठायची. मग नाइलाजानं टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाइप करून काम सांगायचा, काळा पडदा उघडला. हौस म्हणून नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण "मी कॉमर्सचा, मला जमेल का" असं विचारणारी मुलं अजून भेटतात.

पहिली कमांड 'पीडब्ल्यूडी'. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं, त्यामुळं ती विसरणं अवघड. इथं मात्र ती आपण कुठल्या फोल्डरात उभे आहोत ते सांगते. 'एलएस'नं तिथं काय काय आहे ते दिसतं, 'सीडी'नं दुसरीकडे जाता येतं, 'सीडी' आणि दोन टिंबं दिली की एक पायरी वर. 'सीपी' कॉपी करते, 'एमव्ही' हलवते, 'एमकेडीर' फोल्डर बनवते. एका दुपारचं काम आहे हे, त्यात अडकू नका. मला पहिल्यांदा मजा आली ती 'एमकेडीर'ची. तिला डॅश-पी देऊन 2021, स्लॅश, आणि पुढं महिरपी कंसात 01, दोन टिंबं, 12 एवढं लिहिलं, तर वर्षाच्या फोल्डरात बारा महिन्यांचे बारा फोल्डर एका एंटरला तयार.

मजा आली की माणूस सैल होतो. एका संध्याकाळी नेटवरनं एक लूप, म्हणजे तेच काम एकेका फाइलवर करत जाणारी ओळ, उचलला: इथली प्रत्येक जेपीजी फाइल घे आणि 'एमव्ही'नं 'जुने'मध्ये टाक. एंटर मारला. पडद्यावर एक अक्षर आलं नाही. टर्मिनल गप्प राहिलं म्हणजे काम झालं, एवढं तोवर कळलं होतं. 'एलएस' केलं तर 412 फाइलींच्या जागी फक्त 'जुने'. 'सीडी' करून आत जायला गेलो, तर म्हणतंय, हे फोल्डरच नाही.

खरंच नव्हतं. मी ते बनवायलाच विसरलो होतो. 'एमव्ही'कडे कामं दोन आहेत: त्या नावाचं फोल्डर असेल तर फाइल आत टाकते, नसेल तर फाइलचंच नाव बदलते. पहिल्या पट्टीचं नाव 'जुने' झालं, दुसरी 'जुने' होऊन तिच्या जागी बसली, मग तिसरी. शेवटी 412 वी तेवढी उरली. सगळ्या फाइली एकाच कमांडीत स्टार (म्हणजे 'नाव काहीही असो, सगळ्या') देऊन हलवल्या असत्या तर तिनं फोल्डर नाही म्हणून कुरकुर केली असती. लूपनं एकेक फाइल हातात दिली, म्हणून तिला काही वावगं वाटलं नाही.

कागद जागेवर होते म्हणून वाचलो. मालक एवढंच म्हणाले, "व्हय रं, मग परत मार की स्कॅन." दोन दिवस गेले. तेव्हापासून फोल्डरच्या नावापुढं स्लॅश दिल्याशिवाय मी 'एमव्ही' मारत नाही. 'जुने' आणि स्लॅश असं लिहिलं असतं, तर फोल्डर नाही म्हटल्यावर ती तिथंच अडली असती. शिवाय डॅश-आय लावलं की जुन्या फाइलवर नवी बसवण्याआधी ती विचारते.

फाइल पुसणारी 'आरएम' तर याहून कडक. टर्मिनलमध्ये पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यात स्टारची गंमत अशी, की स्टारच्या जागी नावं 'आरएम' भरत नाही, तिच्या आधी शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपली ओळ वाचणारा प्रोग्राम, भरतो आणि तयार यादी तिच्या हातात देतो. 'स्टार डॉट टीएमपी' (डॉट टीएमपीनं संपणाऱ्या सगळ्या फाइली) लिहिताना स्टारनंतर चुकून स्पेस पडली, तर यादीत त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली येतात. म्हणून आधी तीच ओळ 'आरएम'च्या जागी 'एको' लिहून मारायची. काय काय जाणार आहे ते नुसतं छापून येतं. नीट वाचायचं, मगच 'आरएम'.

नावांचंही तसंच. 'राजापुरी हळद' असं मध्ये स्पेस देऊन लिहिलं की शेलला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. अवतरणात घाला, नाहीतर टॅब दाबून त्यालाच नाव पुरं करू द्या. तारीख वर्षापासून लिहा. 05-03-2021 असं लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा एका ठिकाणी गोळा होतात. मराठीत नावं द्यायला काहीच हरकत नाही, पण एक अडचण मला ठेच लागल्यावर कळली. लिनक्सवर एका नावाला साधारणपणे 255 बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून. एकट्या 'कवठेमहांकाळ'चे 33 बाइट होतात. मी शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, मालाचा प्रकार असं सगळं एका नावात कोंबत होतो. नाव फार लांब आहे म्हणून एरर आली. गाव फोल्डरला दिलं, फाइलला तारीख आणि पट्टी नंबर. सुटला प्रश्न.

पुढं मिरजेत एका ठिकाणी सर्व्हर सांभाळायच्या कामासाठी मुलाखत होती. लॅपटॉप पुढं सरकवून म्हणाले, 90 दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली (सर्व्हरच्या कामाच्या नोंदी) काढून टाक. मी आधी 'पीडब्ल्यूडी' मारलं. मग फाइली शोधणाऱ्या 'फाइंड'ला डॅश-एमटाइम आणि अधिक 90, म्हणजे 90 दिवसांपेक्षा जुन्या, असं दिलं, पण डिलीट न लावता, आणि आलेली यादी वरपासून वाचत बसलो.

"थांबलास का?"

"यादीत दोन फाइली लॉगच्या दिसत नाहीत सर. त्या पण काढायच्या का?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तेही वाचायला लागले.