३८१६५४७२९० हा आकडा स्वतः शोधून काढायचा कसा

३८१ कोटी ६५ लाख ४७ हजार २९०. दिसायला कुणाचा तरी मोबाइल नंबर वाटतो, पण यात ० ते ९ सगळे अंक एकेकदाच आलेत आणि डावीकडून दोन अंक घेतले (३८) तर २ने भाग जातो, तीन घेतले (३८१) तर ३ने, चार घेतले तर ४ने, असं करत थेट १० पर्यंत. दहाही अंक एकेकदा वापरून असा आकडा हा एकच! मी लाइट गेले होते तेव्हा जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढला होता, शाळेतल्या कसोट्या आठवत असल्या की बास.

ओळीत दहा घरं काढा. दहाव्यात ० टाकून मोकळे व्हा, पाचव्यात ५. सम नंबरच्या घरांत सम अंकच लागणार, म्हणजे १, ३, ७, ९ विषम घरांत.

आता ४ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर असते ना, तिसरा अंक विषम आहे म्हणून चौथा २ नाहीतर ६च (१२, १६, ३२ चालतात, १४, १८ नाही). आठव्या घराचंही तेच, तिथे सहावा अंक सम आहे म्हणून सातवा-आठवा मिळून ८ने जायला हवेत, म्हणजे १६, ३२, ७२ किंवा ९६. मग ४ आणि ८ राहिले दुसऱ्या आणि सहाव्या घराला.

पहिले तीन अंक ३ने जातात, पहिले सहा ६ने, म्हणून मधल्या तिघांची बेरीजही ३ने गेलीच पाहिजे, त्यामुळे तिथे २५८ किंवा ६५४, तिसरं काही बसतच नाही. पहिल्या तिघांनाही ३ची कसोटी लावली की सात अंकी उमेदवार उरतात फक्त दहा: २५८वाले दोन (१४७२५८९, ७४१२५८९) आणि ६५४वाले आठ. ते आठ स्वतः लिहून काढा, सातव्या घरात ३ किंवा ७ येतो एवढं सांगतो.

राहिला ७, सगळ्यात खडूस. पण १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून मागून तीन-तीनचे गट पाडायचे आणि एकाआड एक बेरीज-वजाबाकी करायची. ३८१६५४७ चं बघा: ५४७ − ८१६ + ३ = −२६६, आणि २६६ म्हणजे ७ × ३८. जमलं! बाकी नऊ गळतात. मी आधी ९८१६५४७ वरच नाचलो होतो, ८१६ मधून ५५६ वजा करताना ६ मधून ६ गेले तरी खाली ६च लिहिला, खरं उत्तर २६० आणि त्याला ७ने भाग जात नाही.

९चं टेन्शनच नाही, १ ते ९ ची बेरीज ४५, शेवटचा उरलेला अंक नवव्या घरात टाका.

अंक परत वापरायची सूट घेतली तर ही गाडी २५ अंकांपर्यंत जाते, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ वर थांबते, पण त्यासाठी मात्र कॉम्प्युटरच लावा, पत्रिका पुरणार नाही.