व्हीटेकचा स्विचओव्हर नेमका कुठे ठेवायचा

व्हीटेक (होंडा इंजिनात ठरावीक आरपीएमला एका कॅमवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) लागताना पाठीला सणसणीत धक्का बसला की ट्यूनिंग भारी झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत. धक्का बसतो, कारण त्याच्या आधी काही शे आरपीएम टॉर्क पडलेला असतो. हा बदल होण्याचा आकडा, म्हणजे स्विचओव्हरचा पॉइंट, बरोबर बसलेल्या गाडीत धक्का कळतच नाही, फक्त इनटेकचा आवाज बदलतो.

होंडाच्या बी-सिरीज इंजिनात व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीला तीन लोब (कॅमशाफ्टवरचे उंचवटे) असतात: कडेला दोन बुटके, मध्ये एक उंच. ठरलेल्या आरपीएमला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सोलेनॉइड (विजेवर चालणारी ऑइलची झडप) उघडतो, ऑइलच्या दाबाने पिना सरकतात, तिन्ही रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि उंच लोब कामाला लागतो. हा उंच लोब म्हणजे हाय कॅम, कडेचे बुटके म्हणजे लो कॅम. कंपनीने इंटेग्रा जीएस-आरमध्ये हा पॉइंट ४४०० ला ठेवला, टाइप-आरमध्ये ५७०० ला. हे आकडे त्या-त्या कारखान्यातल्या हेडर (एक्झॉस्टचे पाइप), इनटेक आणि कॅमचे आहेत. यातलं काहीही बदललं की दोन्ही कॅमचे टॉर्क-कर्व्ह सरकतात आणि त्यांचा छेदही सरकतो. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या ईसीयूत भरण्यात काही अर्थ नाही.

टॅपेट, प्लग, व्हॅक्युम लीक, टायमिंग लाइटने बेस टायमिंग जुळवणं हे सगळं झालेलं आहे असं धरतो. वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) नसेल तर पुढे जाऊ नका.

आधी ऑइल. इंजिन गरम असताना ३००० आरपीएमला दाब ५० पीएसआयच्या खाली नको. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १४ ते ३० ओहममध्ये हवा. त्याच्या गॅस्केटमधली बारीक जाळी काढून बघा. गाळाने बुजलेली जाळी हे व्हीटेक न लागण्याचं नेहमीचं कारण. ईसीयूचा दोष-कोड २१ आला तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर, २२ आला तर प्रेशर स्विच, नाहीतर ऑइलच कमी.

आता खरी मेख.

ईसीयूत फ्युएलचे दोन टेबल असतात आणि इग्निशनचे दोन: लो कॅमचं वेगळं, हाय कॅमचं वेगळं. कंपनीच्या गाडीत हाय कॅमच्या टेबलमधले ४४००-५७०० च्या खालचे खण कधी वापरातच येत नाहीत, लो कॅमच्या टेबलमधले वरचेही तसेच. तिथले आकडे अंदाजाने भरलेले असतात. बहुतेक जण थेट डायनोवर (टॉर्क मोजायच्या यंत्रावर) एकेका कॅमचा असे दोन रन मारतात, कर्व्ह एकावर एक ठेवतात आणि जिथे छेद दिसतो तो आकडा टाकून मोकळे होतात. ही तुलना दोन कॅमची नसते, दोन चुकीच्या मॅपची असते. समजा, हाय कॅम ४८०० ला फार रिच (पेट्रोल जास्त) चालतोय. त्याचा टॉर्क तिथे खोटाच कमी दिसतो आणि छेद पाचशे आरपीएम वर सरकतो. मग गाडी मध्येच का बसते, याचा शोध पुढे कितीही दिवस चालू राहतो.

म्हणून आधी स्विचओव्हर ३५०० ला ठेवा आणि तिथून रेडलाइनपर्यंत फक्त हाय कॅमचं टेबल ट्यून करा. ३५०० च्या खाली मात्र जाऊ नका. दाब अपुरा असला तर पिना अर्धवट बसतात आणि त्यांच्या कडा खराब होतात. नंतर स्विचओव्हर ७५०० ला न्या, लो कॅमचं टेबल ७००० पर्यंत ट्यून करा आणि तिथे पाय काढा. दोन्हीकडे फुल थ्रॉटलला लॅम्डा (समतोल मिश्रणाला १ धरून मोजलेलं प्रमाण) ०.८७-०.८८. एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यावर जाऊ नका: आपल्याकडे पंपावर ई-२० मिळतं, त्याचा समतोल १४.७ ला नसून १३.५ च्या आसपास असतो. लॅम्डा कुठल्याही पेट्रोलवर तोच राहतो.

इग्निशनही वेगवेगळं. खालच्या आरपीएमला हाय कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, सिलिंडर कमी भरतो, म्हणून तिथे तो लो कॅमपेक्षा जास्त ॲडव्हान्स (ठिणगी आधी) खातो. दोन्ही टेबलांना एकच टायमिंग देणं म्हणजे हाय कॅमला हात बांधून कुस्तीत उतरवणं. एकेक डिग्री वाढवा, टॉर्क वाढायचा थांबला की एक-दोन डिग्री मागे या. त्याआधीच नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याची खडखड) ऐकू आला तर तीच मर्यादा. आणि पुण्यातल्या डायनोवर फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला (इनटेकच्या नळ्यांतला) दाब साधारण ९५ किलोपास्कल पडतो, मुंबईत १००. पुण्यात बसून टेबलमधला सगळ्यात जास्त दाबाचा, शेवटचा कॉलम न तपासता सोडला, तर घाट उतरल्यावर गाडी त्याच कच्च्या कॉलममध्ये चालते.

इथपर्यंत नीट झालं की बाकी सोपं आहे. चौथ्या गिअरमध्ये प्रत्येक कॅमचे तीन-तीन रन, ऑइलचं तापमान तेच, इनटेक हवेत तीन-चार डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, डायनोचं स्मूदिंग (कर्व्ह गुळगुळीत करण्याची सेटिंग) दोन्हीला सारखं. टॉर्कचे कर्व्ह जिथे छेदतात तो पॉइंट. पिना बसायला क्षणभर लागतो, म्हणून आकडा शंभरेक आरपीएम आधी टाका. मग त्या आकड्यावर, दोनशे वर आणि दोनशे खाली असे तीन रन मारून खात्री करा. स्विचच्या क्षणी लॅम्डात बारीक टोक दिसेल, ते बुजवायला टेबल खोदू नका.

जीएस-आरच्या मॅनिफोल्डमध्ये दुसरी फुलपाखरं (हवेच्या झडपा) ५७५० च्या आसपास उघडतात आणि टॉर्कला तिथेही पायरी येते. तिला कॅमचा छेद समजू नका.

बंद होण्याचा आकडा चालू होण्याच्या आकड्यापेक्षा दोनशे-तीनशेने खाली ठेवा. दोन्ही एकच ठेवले तर त्या आरपीएमला गाडी धरून चालवताना पिना आत-बाहेर करत राहतात. कमी लोडवर हाय कॅम लागू नये म्हणून मॅनिफोल्ड दाबाची किमान मर्यादाही घाला, नाहीतर पेट्रोल उगाच जळतं.

के-सिरीजमध्ये इनटेक कॅमचा कोनही ० ते ५० डिग्री फिरतो. तिथे आधी दोन्ही लोबवर दहा-दहा डिग्रीच्या टप्प्याने रन घ्या, प्रत्येक आरपीएमचा उत्तम कोन निवडा, आणि मग त्या दोन उत्तम कर्व्हचा छेद काढा. बाजारातला कॅम बसवला असेल तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय कोन वाढवू नका. वाकलेला व्हॉल्व्ह ट्यूनिंगने सरळ होत नाही.

जुन्या सिटी १.५ व्हीटेकमध्ये एकच कॅमशाफ्ट आहे आणि व्हीटेक फक्त इनटेकच्या बाजूला. तिथे दोन कर्व्ह फार तिरपे छेदत नाहीत, जवळजवळ एकमेकांना घासत जातात, त्यामुळे एका रनची चूकही छेद बराच हलवते. तीनऐवजी पाच-पाच रन घ्या आणि सरासरी काढा.