विमानतळाच्या मास्टर प्लॅनवर काम करायचंय? आधी घड्याळ आणि सातबारा वाचायला शिका

गेली बारा वर्षं मी विमानतळांच्या मास्टर प्लॅनवर काम करते आहे. शिक्षण सिव्हिलचं, पुढे ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगचं. ऑफिसात दरवर्षी नवी मुलंमुली येतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात टर्मिनल असतं. माझ्याही होतं. काचेच्या भिंती, उंच छत, कोपऱ्यात झाडं. पण वीस वर्षांचा आराखडा करताना पहिला प्रश्न वेगळाच असतो: घोडं नेमकं कुठं पेंड खातंय? ते शोधायला पुण्याच्या लोहगाव विमानतळाइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी एकच, 2,535 मीटरची. तिच्यावर लढाऊ विमानांचा सराव चालतो आणि त्यातूनच प्रवासी विमानांना वेळा मिळतात. टर्मिनलची बाजू विमानतळ प्राधिकरणाची. वर्षाचे प्रवासी आता एक कोटीच्या पुढे गेले आहेत. 2024 मध्ये नवं टर्मिनल झालं, जागेची तंगी कमी झाली, पण धावपट्टी होती तेवढीच आहे. 2021 मध्ये तिचं डांबरीकरण करायचं होतं तेव्हा आधी कित्येक महिने रात्रीची विमानं बंद ठेवावी लागली आणि शेवटी 16 ते 29 ऑक्टोबर असा पूर्ण विमानतळच बंद राहिला. एका धावपट्टीच्या शहराला दुरुस्तीसाठीही पर्याय नसतो. आराखड्यात दुरुस्तीचे दिवस धरायचे असतात, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

नव्या टर्मिनलचीच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं, प्रवासी आत गेले 14 जुलैला. इमारत पूर्ण होणं आणि विमानतळ चालू होणं यांच्यामध्ये सुरक्षा दलाचं मनुष्यबळ, परवानग्या, चाचण्या असं बरंच काही उभं असतं. वेळापत्रक करताना हे महिने पहिल्या दिवसापासून मांडा.

आता थोडी आकडेमोड, कारण या कामातला खरा आनंद तिथे आहे. 2,535 मीटर ऐकायला भरपूर वाटतात. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 590 मीटर उंच, आणि एप्रिलमध्ये दुपारचं सरासरी कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, ठोकताळा असा की दर 300 मीटर उंचीमागे धावपट्टी 7 टक्के जास्त धरायची. पुण्यासाठी ती जवळपास 14 टक्के झाली. त्या उंचीवरचं प्रमाणित तापमान साधारण 11 अंश. त्याच्या वर प्रत्येक अंशाला 1 टक्का, म्हणजे आणखी 27 टक्के. दोन्हींचा गुणाकार (1.14 × 1.27) केला की 1.45 येतो. समुद्रकिनारी 1,750 मीटरची धावपट्टी जे काम करेल, तेवढंच लोहगावची धावपट्टी एप्रिलच्या दुपारी करते. लांब पल्ल्याचं भरलेलं विमान इथून का उडत नाही, याचं निम्मं उत्तर या एका गुणाकारात आहे. अशी एकूण वाढ 35 टक्क्यांच्या वर गेली तर ठोकताळ्यावर थांबायचं नाही, स्वतंत्र अभ्यास करायचा, असंही तोच नियम सांगतो. नवीन मुलं हे दुसरं वाक्य वाचतच नाहीत.

दुसरी आकडेमोड गर्दीची. वर्षाला एक कोटी प्रवासी म्हणजे सरासरी तासाला 1,140 च्या आसपास. या सरासरीवर कोणी टर्मिनल आखलं तर पहिल्याच सकाळी रांग रस्त्यावर येईल. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, म्हणजे एफएएचा, एक जुना हिशेब आहे: वर्षाला एक ते दोन कोटी प्रवाशांच्या विमानतळाला वर्षाच्या प्रवाशांच्या 0.045 टक्के माणसं गर्दीच्या तासात धरा. म्हणजे येणारे-जाणारे मिळून 4,500, सरासरीच्या चौपट. हा आकडाही अंदाजच आहे. आपल्याकडे पहाटेच्या विमानांची दाटी असते, सोडायला अख्खं घर येतं. त्यामुळे जागेवर जाऊन मोजणं टळत नाही.

मोजण्यात मी स्वतः एक चूक केली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या एका विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेची नोंद करायची होती, दर पाच मिनिटांनी किती माणसं आली आणि किती आत गेली. आमची गाडी रोज सहाला पोचायची, म्हणून मी नोंदी सहापासून घेतल्या. तक्ता सुबक झाला. तिथल्या एका जवानाने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही पावणेपाचला का नाही येत? खरी गर्दी तेव्हाच असते." आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं, आणि आराखड्यातल्या तपासणी यंत्रांची संख्या तीनने वाढली.

सगळ्यात कठीण भाग मात्र जमिनीचा आहे. आराखड्यात आपण पुढच्या टप्प्यासाठी एक लाल रेघ ओढतो. पडद्यावर ती दोन क्लिकची असते. एका गावात नकाशा पसरून बसलो होतो. एका आजोबांनी चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ही रेघ माझ्या विहिरीवरनं जाते. मी औंदा मोटार बसवू का नको?" आमच्या अहवालात त्या टप्प्यापुढे पंधरा वर्षांनंतरचं साल होतं. पंधरा वर्षं त्यांनी ना खर्च करायचा, ना जमीन विकायची, ना बँकेकडे जायचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाबद्दल बोलतानाही हे आठवा. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांतल्या लोकांनी विरोध केला तो अंजीर-सीताफळाच्या उभ्या बागांसाठी आणि वर्षानुवर्षं टांगून राहिलेल्या सातबाऱ्यांसाठी. पुण्याला दुसरी धावपट्टी लागणार, असं माझं ठाम मत आहे. पण ज्याची जमीन जाणार त्याला तारीख, मोबदला आणि रेघेची नक्की जागा लवकर कळलीच पाहिजे, हेही तितकंच ठाम.

त्या आजोबांच्या प्रश्नापासून मी टप्पे सालाला बांधत नाही, आकड्याला बांधते. "2035 मध्ये नवा टॅक्सीवे (धावपट्टीकडे जाणारा विमानांचा रस्ता)" असं न लिहिता, गर्दीच्या तासात विमानांची संख्या अमुक झाली की काम सुरू, असं लिहिते. आणि दर तीन वर्षांनी गावाला ताजा आकडा कळवायचा, ही अट घालते. सालांचं काय होतं ते करोनाने दाखवलं. देशातले विमानतळ प्रवासी 2019-20 मध्ये 34 कोटी होते, पुढच्याच वर्षी साडेअकरा कोटींवर आले. सालावर बेतलेले आराखडे त्या वर्षी निकामी झाले.

शिक्षणाचं थोडक्यात. सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग, कुठूनही येता येतं. पुढे ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगसाठी दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, आयआयटी हे पर्याय आहेत. विमानतळ प्राधिकरण अभियंत्यांची भरती गेट या परीक्षेच्या गुणांवर करतं, म्हणून गेट द्याच. खाजगी सल्लागार कंपन्यांत सुरुवातीला एक्सेल आणि कॅडच जास्त असतं, कंटाळू नका. आयकाओचं ॲनेक्स 14, म्हणजे विमानतळाच्या रचनेचे नियम, हळूहळू वाचा. प्राधिकरण दर महिन्याला प्रवाशांचे आकडे जाहीर करतं, ते स्वतःच्या तक्त्यात भरत जा. वर्षभरात हंगाम डोळ्यांना दिसायला लागतो. आणि मराठी नीट बोलत राहा. गावात बैठक असली की ऑफिसातला सगळ्यात हुशार माणूस तोच, ज्याला गट नंबर आणि फेरफार कळतो.

पहिल्या महिन्यात एक काम माझ्यासाठी करा. जवळच्या विमानतळाच्या प्रस्थान दरवाज्यासमोर वही आणि घड्याळ घेऊन दोन तास उभे राहा आणि दर पाच मिनिटांनी माणसं मोजा. साडेचारला पोचा.